नापतौल

सियागंजच्या घाऊक दुकानातून उचललेली
बत्तीस पाकिटं मी एकेक करून फोडली,
काचेच्या नळकांड्यात ओतली,
फेस खाली बसेपर्यंत थांबले.
छापलेलं : एक लिटर.
भरलेलं : नऊशे साठ.
एखाद्यात एकसष्ट. इतपत दानत.

चुकणारा हात कधी जास्त ओततो, कधी कमी.
हे यंत्र बत्तीस वेळा
एकाच बाजूला चुकलं होतं.

दुकानदार पंचनाम्यावर सही करीना.
"अहो मुळ्येबाई, चमचाभर तेल ते,
त्यात फोडणीसुद्धा व्हायची नाही."
होते, म्हटलं. चार माणसांची होते.

सांवेर रोडवरचा कारखाना सकाळी आठला सुरू होतो.
तासाला दहा हजार पाकिटं,
पाकिटामागे पाच रुपये साठ पैसे.
दंड पंचवीस हजार, कायद्यात बसेल तेवढा.
म्हणजे आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी
दंड फिटतो.
पुढचा सगळा दिवस त्यांचा.

पैसे भरायला कंपनीनं एक पोरगा पाठवला,
स्कूटरवरून, रोख घेऊन,
आणि वर एक कॅलेंडर, लक्ष्मीचं :
तिच्या तळव्यातून नाणी पडताहेत, न मोजता.
"मॅडम, पावती जरा लवकर," पोरगा म्हणाला,
"अजून दोन ऑफिसं करायचीत."
त्याच्या आवाजात लाज नव्हती, उद्धटपणाही नव्हता.
वीजबिल भरायला आला होता जणू.

त्याच आठवड्यात मल्हारगंजात
मी घीसालालच्या गाडीवरचा काटा जप्त केला.
हिरवे शिंगाडे, ओलं गोणपाट,
अर्ध्या किलोचं लोखंडी वजन
अकरा ग्रॅम कमी.
"घिस गया, बाईसाब," तो म्हणाला, "मेरे नाम जैसा."
खरंच झिजलं होतं, कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या.
मी तरी लिहिलं : दोन हजार.
ते फेडता फेडता त्याची दिवाळी गेली.

विधायकांना पत्र लिहिलं, नवऱ्याच्या नावानं
(सरकारी नोकरी, दुसरं काय).
बंगल्यावरून पोच आली, शुभेच्छांसह.
मग भोपाळात प्रश्न लागला म्हणे, क्रमांकही पडला,
आणि चर्चेच्या सकाळी मागे घेतला गेला.
कुणी घेतला?
ज्यांनी विचारला, त्यांनीच.

महिन्याभरात बड्या गणपतीच्या वळणावर
वाढदिवसाचा फलक चढला :
हात जोडलेले, दीड पुरुष उंच,
आणि खाली, जिथं पाय असायला हवेत तिथं,
तेलाच्या पाकिटावरचं तेच सूर्यफूल.

नोव्हेंबरात मत दिलं.
"बोट हलवू नका, आजी," शाई लावणारी मुलगी म्हणाली.
एकतीस वर्षं मी ठसे मारले, पितळेवर, शिशावर.
आधी काटा, मग ठसा, हा आमचा नियम.
इथं ठसा आधी, तोही माझ्यावर,
आणि वजन व्हायचं ते आत कुठंतरी,
जिथं शिरायचं ओळखपत्र
मला कुठल्याच खात्यानं दिलं नाही.
पाच वर्षांनी फोडायचं हे पाकीट.
तोवर आतलं कुणीतरी तळून खाल्लेलं.

परतताना घीसालाल दिसला.
आता त्याच्याकडे बॅटरीचा काटा आहे, लाल आकड्यांचा.
त्यानं मला ओळखलं. आकडे माझ्याकडे फिरवले,
पाचशे होऊ दिले,
मग वर एक मूठ टाकली. बोलला काहीच नाही.

घरी येऊन मोजलं. सवय.
अठ्ठेचाळीस ग्रॅम जास्त.
जुनी नोंदवही काढली, पेन काढलं,
आणि तशीच बसून राहिले,
शाईचं बोट पानावर ठेवून.
आमच्या नमुन्यात 'कमी'चा रकाना आहे.
'जास्त'चा कधी नव्हताच.